एका ओंडक्यापाशी तासभर : पावसाळी रानातली बुरशी आणि छोटे जीव कसे पाहायचे, कसे टिपायचे

आंबोलीला पहिल्यांदा भूछत्रांचे फोटो काढले, तेव्हा दोन दिवसांत साडेतीनशे फोटो झाले होते. घरी आल्यावर त्यातला सगळ्यात आवडलेला एका जाणकारांना पाठवला. ओल्या काळ्या लाकडावर फिकट जांभळ्या टोप्यांचा घोस, अगदी वरून घेतलेला. त्यांनी उलट विचारलं, "टोपीखाली काय होतं, पात्या की छिद्रं? देठ कुठून फुटला होता? लाकूड कुठल्या झाडाचं? वास कसा होता?" चारपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. फोटो सुंदर होता, पण त्यातून काहीच कळत नव्हतं. तो घोस कशाचा होता हे मला आजही सांगता येत नाही.

त्या दिवसापासून माझं फिरणं बदललं. आता सकाळी तीन तासांत मी पाचसातशे पावलं चालते, कधी त्याहूनही कमी. एखादा कुजका ओंडका मिळाला की त्याच्यापाशी तास जातो. या लेखात जे सांगायचंय त्याच्या मुळाशी हेच आहे. बुरशी आणि छोटे जीव पाहायला लांब जावं लागत नाही, थांबावं लागतं. थांबल्यावर काय पाहायचं आणि ते कसं टिपायचं, ते आता क्रमाने सांगते. उदाहरणं आंबोलीची आहेत, कारण तिथलं रान माझ्या पायाखालचं आहे. पण भीमाशंकर, कोयना, तिलारी, गोव्यातली म्हादई, इतकंच काय घरामागची आमराईसुद्धा यासाठी चालते.

कधी जायचं

आंबोली सावंतवाडीपासून साधारण ३० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पावसात बुरशी कायमच असणार असं वाटतं, पण प्रत्येकीची वेळ वेगळी असते.

वळवाच्या सरी आणि मृगाचा पहिला पाऊस झाला की वारुळांच्या आसपास अळंबी येते. विजा कडाडल्या की अळंबी उगवते, असं कोकणात म्हातारी माणसं सांगतात. जुलैच्या धो धो पावसात नाजूक टोप्या फाटतात, चिखल उडून माखतात. तेव्हा लाकडावरच्या चिवट बुरश्या बघाव्यात. माझ्या अनुभवात सगळ्यात चांगले दिवस म्हणजे मुसळधार पावसानंतर उघडीप पडून दोन-तीन दिवस झालेले. श्रावणातला ऊन-पावसाचा खेळ तर या कामासाठीच असावा असं वाटतं.

सकाळी सात ते दहा ही फोटोची वेळ. प्रकाश मऊ असतो, टोप्या ताज्या असतात. बांबूच्या बेटात जाळीचा झगा घातलेली एक बुरशी येते. पांढरा देठ, वर शेवाळी-तपकिरी चिकट टोपी आणि टोपीखालून सोडलेली पांढरी जाळी. ती पहाटे काही तासांत उभी राहते आणि दुपारपर्यंत मान टाकते. तिच्या दुर्गंधीने माश्या येतात, टोपीवरचा चिकटा पायांना लावून उडून जातात. त्या चिकट्यातच तिचे बीजाणू, म्हणजे नवी बुरशी रुजवणारे सूक्ष्म कण, असतात. अकरा वाजता निघणाऱ्याला हे सगळं दिसणारच नाही.

शनिवार-रविवार मात्र टाळा. धबधब्याच्या गर्दीत रस्त्याकडेचा ओंडकासुद्धा निवांत पाहता येत नाही.

निघण्याआधी विचारायचं ते

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात जायला परवानगी लागते, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तिथून काहीही उचलून आणता येत नाही. राखीव वनात जायचं असेल, विशेषतः रात्री, तर आधी वनखात्याच्या स्थानिक कचेरीत विचारा. आणि गावातला वाटाड्या सोबत घ्या. पैसे वाचवायची ही जागा नव्हे. रात्री कुठल्या पऱ्ह्याला पाणी चढतं आणि कुठल्या कड्यापाशी धुकं वाट गिळतं, हे नकाशात नसतं, त्याला ठाऊक असतं.

पिशवीत काय असावं

महागडा कॅमेरा हवा असं अजिबात नाही. माझ्या पिशवीतली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे पावडरच्या डबीतला छोटा गोल आरसा. टोपीखाली जमिनीलगत तो सरकवला की पात्या, छिद्रं, देठाचा वरचा भाग, सगळं दिसतं. आणि भूछत्र उपटावं लागत नाही. दुसरी वस्तू दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग. तिसरी, सहा इंची पट्टी. गुडघ्याखाली घालायला जुन्या योगा मॅटचा तुकडा घ्या. ओल्या पालापाचोळ्यात अर्धा तास बसायचं तर त्याच्याशिवाय जमत नाही.

रेनकोट घाला, पण छत्रीही घ्या. छत्रीखाली कॅमेरा कोरडा राहतो. पांढऱ्या किंवा फिकट कापडाची असेल तर कडक ऊन गाळून मऊ करायलाही ती चालते. पायात गमबूट. भातखाचरात वापरतात तेच, कोकणातल्या कुठल्याही बाजारात मिळतात. शिवाय टॉर्च आणि कपाळावरची बॅटरी, दोन्ही. एक बंद पडली तर दुसरी हवीच.

मोबाईलवर काढत असाल तर काही शे रुपयांत मिळणारी, चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून फोटो घेणारी लेन्स, पुरते. कॅमेरा असेल तर ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, जमिनीलगत उघडता येणारा बुटका तिकाटणा (ट्रायपॉड), आणि फ्लॅशवर लावायला पांढरा पडदा. हा पडदा दुधाच्या पांढऱ्या डब्याचा कापून घरी करता येतो. तिकाटणा नसेल तर प्लास्टिकच्या जाड पिशवीत किलोभर राजमा भरून तोंड घट्ट बांधा. कॅमेरा त्यावर अगदी ठाम बसतो.

दमट हवेत एक त्रास हमखास होतो. एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते. पिशवी बंद ठेवून वीस मिनिटं थांबा, तेवढ्या वेळात लेन्स बाहेरच्या हवेइतकी गरम होते. मोबाईलची लेन्स प्रत्येक फोटोआधी पुसायची सवय लावा. धुक्यात ती सतत ओली होते आणि पडद्यावर ते लक्षात येत नाही.

कुठे शोधायचं

आपण ज्याला भूछत्र म्हणतो ते बुरशीचं नुसतं फळ. खरी बुरशी लाकडात, मातीत, पानांच्या थरात धाग्यांच्या जाळ्यासारखी पसरलेली असते. म्हणून आधी फळ शोधू नका, बुरशीचं खाणं शोधा. पडलेला ओंडका, पानांचा थर, वारूळ, गव्याचं किंवा गुरांचं शेण, बांबूची बेटं, मेलेला किडा, यातल्या प्रत्येकावर वेगळी मंडळी जगतात.

ओंडक्यापासून सुरुवात करा. हातात उचलता येईल असा एक कुजका तुकडा घ्या आणि तो कसा कुजलाय ते बघा. लाकूड पांढरट, मऊ, दोऱ्यादोऱ्यांचं झालं असेल तर बुरशीने त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा भाग, खाल्लेला असतो. तेच लाकूड तपकिरी होऊन चौकोनी खपल्यांत तुटत असेल तर लिग्निन बरचसं तसंच राहिलेलं असतं आणि सेल्युलोज, म्हणजे लाकडातला तंतूंचा भाग, संपलेलं असतं. बुरशी दिसायच्या आधी ती काय खातेय ते असं कळतं.

वाळक्या आंब्याच्या फांद्यांवर पांढरट-राखाडी, नखाएवढे केसाळ पंखे दिसतात. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक गावात सापडणारी ही बुरशी. भिंग लावून तिची खालची बाजू पाहा. प्रत्येक पाती मधोमध उभी चिरलेली दिसेल. हवा कोरडी झाली की या चिरलेल्या कडा आत वळतात आणि बीजाणू तयार होण्याची जागा मिटते, पाऊस आला की पुन्हा उघडतात. उन्हाळ्यात वाळून कडक झालेला एक पंखा घरी वाटीत पाणी घालून ठेवून बघा. काही तासांत तो उलगडतो. मुलांना दाखवायला याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही.

बारीक काड्या आणि जुन्या शेणावर चिमणीच्या घरट्यासारख्या वाट्या दिसतात, अर्ध्या सेंटिमीटरहून फार मोठ्या नाहीत. आत चपटी करडी अंडी. ही अंडी म्हणजे बीजाणूंच्या पुड्या. पावसाचा थेंब नेमका वाटीत पडला की त्या जोराने उडतात आणि दूर जाऊन चिकटतात. म्हणजे वाटी रिकामी दिसली तर आसपासची पानं आणि गवताच्या काड्या तपासायच्या.

वारुळाजवळची अळंबी ही आणखी वेगळी गोष्ट. वाळवी वारुळाच्या पोटात चघळलेल्या लाकडाचे पोळ्यासारखे गठ्ठे रचते आणि त्यावर बुरशी पोसते. तिची शेतीच म्हणा. अळंबीचा देठ जमिनीखाली लांबवर जाऊन त्या पोळ्यापर्यंत पोचलेला असतो. कोकणात आणि गोव्यात ही अळंबी आवडीने खातात, रस्त्याकडेला विकायलाही येते, आणि गोव्यात तिची बेसुमार तोडणी हा काळजीचा विषय झालेला आहे. आपण फोटोला गेलोय तर ती जागच्या जागी राहू द्या. वारूळ खणून मुळापर्यंतचा देठ दाखवण्याचा मोह मला एकदा झाला होता. सोबतच्या काकांनी हात धरून थांबवलं.

हात लावण्याआधी पाच मिनिटं

बुरशी दिसली की कॅमेरा काढू नका. आधी बसा. भोवती कशावर पाय पडतोय का ते पाहा, कारण एक दिसली म्हणजे पाच न दिसलेल्या असतात. मग भिंगाने पाहा आणि वहीत लिहा : कशावर उगवलीय, एकटी की घोळक्याने, टोपीखाली पात्या, छिद्रं की दात, देठावर कडं आहे का, देठाच्या बुडाशी पिशवीसारखं आवरण आहे का. वास घ्या, नाक जवळ नेऊन, न तोडता. काहींना कच्च्या बटाट्याचा येतो, काहींना बडीशेपेचा, काहींना नुसता ओल्या मातीचा. फोटोत वास येत नाही, म्हणून तो वहीतच राहायला हवा.

याच पाच मिनिटांत छोटे जीव बाहेर येतात. आपली सावली स्थिरावली की ओंडक्याच्या सालीतून गोगलगाय शिंगं काढते, टोपीखालून चिमुकला भुंगेरा डोकावतो. बुरशी खायला आलेले, बुरशीत अंडी घालायला आलेले आणि या दोघांना खायला आलेले, असे सगळे एकाच टोपीवर सापडतात. मी तर आता भूछत्राचा फोटो घ्यायच्या आधी आरशाने खालचे भाडेकरू मोजते.

फोटोंचा क्रम

एका बुरशीचे निदान पाच फोटो हवेत.

पहिला थोडा लांबून. ओंडका, झाड, उजेड, सगळी जागा दिसेल असा. हा सगळे विसरतात आणि ओळख पटवताना हाच सगळ्यात आधी मागितला जातो. दुसरा बाजूने, लेन्स टोपीच्या पातळीला आणून. यासाठी आडवं पडावं लागतं, मॅट त्यासाठीच. तिसरा आरशातून खालच्या बाजूचा. फोकस आरशाच्या काचेवर नाही, आतल्या प्रतिबिंबावर घ्यायचा. नाहीतर काचेवरचे ओरखडेच स्पष्ट येतात. चौथा देठाच्या बुडाचा, बोटाने दोनचार पानं बाजूला करून, आणि फोटो झाल्यावर ती पानं परत सरकवून. पाचवा पट्टी शेजारी ठेवून. पट्टी नसेल तर नाणं चालेल.

हे झाल्यावर सुंदर फोटोच्या मागे लागा. तेव्हा मन मोकळं असतं, कारण नोंद झालेली असते.

मोबाईलवर पडद्याला बोट लावून दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही तिथेच थांबतात. मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा. पांढऱ्या टोप्या हमखास जळतात, म्हणजे जास्त उजेडाने नुसत्या पांढऱ्या दिसतात, आणि एकदा जळलेला पांढरा भाग नंतर दुरुस्त होत नाही. अनेक फोनमध्ये जवळ गेलं की आपोआप रुंद लेन्सवरचा मॅक्रो सुरू होतो. त्यात फोन इतका जवळ न्यावा लागतो की त्याचीच सावली पडते. शक्य असेल तर तो बंद करून दुप्पट किंवा तिप्पट झूमची लेन्स वापरा आणि जरा मागे सरका.

कॅमेऱ्यावर मी ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र, एफ ८ ते एफ ११ ठेवते. अगदी जवळून, वस्तू खऱ्या आकाराइतकी सेन्सरवर येईल असा फोटो घेतला तर एफ ११ लासुद्धा मिलिमीटर-दीड मिलिमीटरचाच थर स्पष्ट येतो. म्हणून लेन्स बुरशीच्या सपाट भागाला समांतर ठेवा, किंवा फोकस थोडा थोडा पुढे सरकवत आठ-दहा फोटो घेऊन घरी सॉफ्टवेअरमध्ये जोडा. बुरशी हलत नाही, तिच्यासाठी ही युक्ती सोपी आहे. तिकाटण्यावर असाल तर स्थिरीकरण (हात हलला तरी फोटो न हलू देणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू. झाडीखाली सगळ्यावर हिरवी झाक येते. एका फोटोत पांढरा कागद धरा, घरी त्यावरून रंग बेतता येतात.

फ्लॅश वापरायचाच तर बाजूने, पडद्यामागून. समोरून मारलेल्या फ्लॅशने ओली बुरशी प्लास्टिकची खेळणी वाटते. त्याऐवजी टॉर्च मागून, टोपीच्या आडून लावून बघा. पातळ टोपीतून उजेड झिरपतो आणि पात्यांची एकेक रेघ उजळते. मी काढलेले बहुतेक आवडते फोटो दोनशे रुपयांच्या टॉर्चवर काढलेले आहेत.

बुरशी नसलेली बुरशी

ओंडक्यावर एखादा पिवळाधमक चिकट पसारा दिसला तर त्याची जागा वहीत नोंदवा आणि दुसऱ्या दिवशी परत या. तो जागेवर नसेल. हे श्लेष्मकवक (स्लाइम मोल्ड), नावात कवक असलं तरी बुरशीच्या कुळातलं नव्हे. पिवळ्या अवस्थेत ते सरपटत जिवाणू आणि बीजाणू गिळत हिंडतं, मग एखाद्या उंचवट्यावर चढून फळं धरतं. त्यातल्या एका जातीची फळं म्हणजे उदबत्त्यांची जुडीच : केसाएवढे काळे देठ, वर चॉकलेटी पिसारा, सगळं मिळून बोटाच्या पेराएवढं. फुंकर मारली तर तपकिरी धूर उडतो.

एका वर्षी मी आंबोलीतल्या हिरण्यकेशी मंदिराच्या वाटेवरच्या ओंडक्यावर रोज एकच चौकट लावून अशाच श्लेष्मकवकाचे फोटो घेतले. पहिल्या दिवशी पांढरे थेंब, साबुदाण्यासारखे. संध्याकाळी ते लांबून गुलाबी झाले. दुसऱ्या दिवशी तपकिरी, तिसऱ्या दिवशी अर्धे उडून गेलेले. चार फोटो शेजारी ठेवले की एक आख्खं आयुष्य दिसतं. तिकाटणा रोज त्याच जागी यावा म्हणून पायांच्या ठिकाणी तीन चपटे दगड ठेवले होते, एवढीच काय ती युक्ती.

उजळणारं लाकूड

आंबोली, भीमाशंकर, म्हादई इथल्या रानात पावसाळी रात्री काही कुजकी लाकडं हिरवट उजळतात. लाकडात पसरलेल्या बुरशीतल्या रसायनाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन हा थंड प्रकाश पडतो. तो पाहायची रीत अशी : अमावास्येच्या आसपासची रात्र, वाटाड्या सोबत, सगळ्या बॅटऱ्या आणि मोबाईल बंद, आणि वीस मिनिटं गप्प उभं राहायचं. डोळे सरावले की आधी राखाडी धुरकट डाग दिसतो. फोटोत दिसतो तेवढा हिरवा तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, हे आधीच ठाऊक असलं म्हणजे निराशा होत नाही.

फोटोसाठी आधी टॉर्च लावून लाकडावर फोकस घ्या, फोकस हाताने करण्यावर टाका आणि लेन्सवरच्या फोकसच्या रिंगला परत हात लावू नका. टॉर्च बंद. एफ २.८, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) १६०० ते ३२००, तीस सेकंद. कमी पडलं तर दोन ते चार मिनिटं. मोबाईलच्या प्रो मोडमध्ये तीस सेकंद मिळत असतील तर टेकू देऊन तोही जमतो. सोबतच्या एकानेही मधेच स्क्रीन लावली की फोटो आणि डोळे दोन्ही पुन्हा पहिल्यापासून. हे निघण्याआधी सगळ्यांना सांगून ठेवा. आणि चमकणारा तुकडा खिशात घालून आणू नका. वाळला की विझतो.

बेडूक, चापडा आणि बाकीचे

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आंबोलीजवळच्या चौकुळच्या बाजूला सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, गेले होते. जांभ्या दगडाच्या खळग्यात चार बोटं पाणी साचलेलं. मी चांगल्या कोनासाठी एक पाय पुढे टाकणार, तोच सोबतचे काका म्हणाले, "ताई, थंय पाय घालू नकात. अंडी आसत." वाकून पाहिलं तर तळाशी पारदर्शक थर आणि त्यात काळे ठिपके. आंबोली टोडची अंडी. हा अंगावर पट्टे असलेला छोटा भेक २००९ साली आंबोलीवरूनच शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला. पहिल्या पावसात अशा उथळ डबक्यांत त्यांची वीण होते. म्हणजे ज्या खळग्याला आपण चिखल समजून तुडवतो तो त्यांचा पाळणा आहे. सड्यावर चालताना पाय कोरड्या दगडावर, पाण्यात कधीच नाही. आणि ढग गडगडायला लागले की सडा सोडून खाली यायचं, तिथे विजेला सगळ्यात उंच आपणच असतो.

बेडकाला हात लावू नका. तो कातडीतूनही श्वास घेतो, पाणी शोषतो. आपल्या हाताला डास पळवायचं मलम लागलेलं असतं. तेच त्याच्या अंगात जातं. पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढरा फेस लटकलेला दिसला तर ते उडत्या मलबारी बेडकाचं घरटं. पिल्लं त्यातून खालच्या पाण्यात टपकतात. फांदी वाकवून जवळ ओढू नका, फोटोसाठी स्वतःच पुढे वाका किंवा झूम वापरा. साद घालणाऱ्या नरावर टॉर्च रोखून धरली की तो गप्प होतो आणि त्याची रात्र वाया जाते. उजेड बाजूला पाडा, पाचसहा फोटो घ्या, निघा.

बेडकांना मारणारी एक सूक्ष्म बुरशी जगभर पसरली आहे, सह्याद्रीतल्या बेडकांतही तिची नोंद झालेली आहे. ती पाण्यातून आणि ओल्या चिखलातून पसरते. एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्याकडे जाताना गमबुटांचा चिखल घासून काढा, घरी आल्यावर बूट उन्हात पूर्ण वाळवा. हिरण्यकेशीच्या मंदिरातल्या कुंडात तर पायच घालू नका. तिथल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या छोट्या माशाची नवी जात म्हणून नोंद २०२० साली झाली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली.

चापडा साप, म्हणजे मलबारी चापडा आणि हिरवा बांबू चापडा, पावसाळ्यात वाटेकडेच्या झुडपांवर तासन् तास एका जागी बसतो. विषारी आहे. फोटो दोन मीटरांवरून, लांब लेन्सने. काडीने त्याची मान वळवणं हा फोटो नव्हे, छळ आहे, आणि दवाखान्याची वाट आहे. ओंडक्याखाली, दगडाखाली, बिळात हात घालायचा नाही. उलटवलेला लहान दगड जसा होता तसाच परत ठेवायचा. दंश झालाच तर आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. माणसाला स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. ते कुठे आहे हे निघण्याआधीच विचारून घ्या. फिरून आल्यावर अंगावर, विशेषतः काखेत आणि कानामागे, गोचीड लागली आहे का ते पाहा. पुढच्या काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगा.

कोळी, खंडोबाची घोडी, काडीकिडा, पैसा, मृगाचा किडा या सगळ्यांसाठी एकच नियम पुरतो : फोकस डोळ्यावर, लेन्स त्याच्या डोळ्यांच्या पातळीला. मृगाचा किडा लाल मखमलीचा दिसतो, पण तो कीटक नव्हेच, कोळ्यांच्या गोत्यातला आहे. फोटोत आठ पाय मोजून बघा.

ओळख आणि ताट, दोन्ही वेगळे

फोटोवरून खायचं ठरवू नका. कुठल्याही ॲपवरून, कुठल्याही गटातल्या "खाता येते" या उत्तरावरून तर अजिबातच नाही. हिरवळीवर येणारी एक मोठी पांढरी छत्री खाण्याच्या अळंबीसारखी दिसते, आणि जोरदार उलट्या-जुलाब करवते. तिचे बीजाणू हिरवट असतात, हे कळेपर्यंत ती शिजलेली असते. सगळ्यात घातक जातींच्या विषाची लक्षणं सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतात. तोवर विष यकृतापर्यंत गेलेलं असतं.

बीजाणूंचा रंग पाहायचा असेल तर आपल्याच बागेतली किंवा अंगणातली टोपी घ्या. देठ कापून, अर्धा काळा अर्धा पांढरा कागद घेऊन त्यावर पात्या खाली करून ठेवा आणि वर वाटी पालथी घाला. रात्रभरात पात्यांचा ठसा उमटतो. हा ठसा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी कितीतरी वेळ तो कागद हातात धरून बसले होते. पांढरा, गुलाबी, गंजासारखा तपकिरी, काळा, यातला कुठला रंग आहे यावरून कितीतरी जाती बाजूला पडतात. हाताळून झाल्यावर हात धुवा.

नोंदी इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळांवर टाका. पाचही फोटो एकाच नोंदीत, वहीतला मजकूर शेजारी. जातीपर्यंत ओळख पटेलच असं नाही. बुरशीच्या बाबतीत प्रजातीपर्यंत (जीनस), कधी नुसतं कुळापर्यंत पोचलं तरी ती पक्की नोंद असते. दुर्मीळ बेडूक, साप, मोठे कोळी यांची नेमकी जागा मात्र लपवा. दोन्हीकडे तशी सोय आहे. व्हॉट्सॲपवर "अमुक मंदिरामागे तिसऱ्या झाडावर" असं लिहिलं की पुढच्या रविवारी तिथे वीस जण टॉर्च घेऊन उभे असतात.

घरी आल्यावर आधी कॅमेरा, लेन्स आणि भिंग कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. लेन्सच्या काचेवरही बुरशी धरते आणि ती कायमचे डाग पाडते. मग चहा. मग वही, त्याच रात्री, कारण सकाळी वास आठवत नाहीत. माझ्या वहीतली गेल्या श्रावणातली एक नोंद तशीच्या तशी देते :

"ओंडका क्र. ४, बहुधा जांभूळ, लाकूड पांढरं, दोरेदार. सकाळी ७:४०. उघडीप, काल दुपारपासून पाऊस नाही. टोप्या ११, सगळ्यात मोठी १४ मिमी, मेणचट पांढरी. पात्या विरळ, देठात उतरलेल्या. वास नाही. टोपीखाली भुंगेरे ३, गोगलगाय १, ती पात्या खातेय, आवाज येत नाही पण कडेला कुरतडल्याच्या खुणा. रात्री उजळते का पाहणे."